शस्त्रक्रियागृहाची रंगीत तालीम

ज्या खोलीत शस्त्रक्रिया केली जाते तिला इंग्रजीत 'थिएटर' म्हणतात, आणि आपल्याकडेही 'ऑपरेशन थिएटर' हाच शब्द सर्वांच्या तोंडी आहे. हा शब्द अलंकारिक नाही. लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयाने १८२२ साली लगतच्या चर्चच्या माळ्यावर बांधलेले शस्त्रक्रियागृह आज संग्रहालय म्हणून पाहावयास मिळते. मध्यभागी लाकडी टेबल, खाली रक्त शोषून घेण्यासाठी लाकडाच्या भुशाची पेटी, आणि भोवती नालाच्या आकारात चढत गेलेल्या पायऱ्या. त्या पायऱ्यांवर विद्यार्थी दाटीवाटीने उभे राहत आणि खाली चाललेला प्रयोग पाहत. ती खोली खरोखरच नाट्यगृह होती आणि 'सर्वांना दिसेल ना?' या एकाच प्रश्नाचे उत्तर म्हणून तिला तो आकार आलेला होता.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टन येथे ईथर देऊन केलेली शस्त्रक्रिया यशस्वी झाली आणि शस्त्रक्रियेतील घाई संपली. १८६७ साली जोसेफ लिस्टर यांनी कार्बॉलिक आम्लाच्या साहाय्याने जखमा निर्जंतुक राखण्याची आपली पद्धत प्रसिद्ध केली. पुढल्या काही दशकांत प्रेक्षक बाहेर गेले, लाकूड गेले, भिंती गुळगुळीत झाल्या आणि त्या धुता येऊ लागल्या. आता खोलीला विचारला जाणारा प्रश्न बदलला होता. 'ही स्वच्छ राहील ना?' हा तो नवा प्रश्न. विसाव्या शतकात तिच्यात यंत्रे शिरली. भूल देण्याचे यंत्र, क्ष-किरण यंत्र, दुर्बिणीतून दिसणारे चित्र दाखवणारे पडदे, छतावरून लोंबणारे दिवे आणि यंत्रे धरणारे बाहू अशी एकामागून एक भर पडत गेली. प्रत्येक यंत्र येताना आपली एक वायर, एक नळी आणि बहुधा एक माणूस घेऊन आले. मात्र 'या खोलीत काम करणाऱ्यांना परस्परांच्या पायांत न येता काम करता येईल ना?' हा तिसरा प्रश्न विचारावयास बराच विलंब लागला. तो विचारण्याची जी एक रीत अलीकडे रूढ होत आहे, तिचा परिचय या प्रकरणात करून घ्यावयाचा आहे. ही रीत म्हणजे खोली बांधण्यापूर्वी तिची खऱ्या मापाची प्रतिकृती उभारणे आणि तीत लुटुपुटूची शस्त्रक्रिया करून पाहणे.

माणसाची चूक आणि खोलीची चूक

शस्त्रक्रियागृहातील हालचालींचा पहिला शास्त्रीय अभ्यास एका अशा माणसाने केला की ज्याचा वैद्यकाशी काही संबंध नव्हता. गवंड्याने वीट कशी उचलावी व कशी रचावी याचे बारकाईने निरीक्षण करून फ्रँक गिलब्रेथ या अमेरिकी अभियंत्याने नाव मिळवले होते. १९१० नंतरच्या दशकात तो चलच्चित्रणाचा कॅमेरा घेऊन शस्त्रक्रियागृहात गेला. शल्यचिकित्सकाचा कितीतरी वेळ हवे ते हत्यार शोधण्यात व उचलण्यात जातो असे त्याला दिसून आले. हत्यारे ठरावीक क्रमाने मांडलेली असावीत आणि एका साहाय्यकाने ती मागताक्षणी हातात द्यावीत, असे त्याने सुचवले. १९१६ साली त्याचा या विषयावरील लेख प्रसिद्ध झाला. आज शल्यचिकित्सक मान वर न करता नुसता हात पुढे करतो आणि हव्या त्या हत्याराची मूठ त्याच्या तळव्यावर टेकते. हे दृश्य इतके परिचयाचे झाले आहे की ते कोणी तरी विचारपूर्वक घडवले असेल अशी शंकाही येत नाही.

याच विचाराला दुसऱ्या महायुद्धात विमानविद्येने पुढे नेले. अमेरिकेची बी-१७ विमाने सुखरूप उतरल्यावर काही वैमानिक पंखांच्या झडपा मिटण्याऐवजी चाकेच वर घेत आणि विमान पोटावर आदळे. आल्फान्स चॅपनिस या मानसशास्त्रज्ञाने १९४३ साली पाहणी केली तेव्हा ही दोन्ही कामे करणारे खटके शेजारी शेजारी व अगदी सारखे आहेत असे त्याला आढळले. एका खटक्यावर रबराचे लहानसे चाक बसवताच चूक थांबली. तोवर जिला वैमानिकाचा निष्काळजीपणा म्हणत, ती वास्तविक खटक्यांची चूक होती.

वैद्यकाने हा धडा आधी कार्यपद्धतीच्या बाबतीत गिरवला. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेपूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णाला खोलीबाहेर नेण्यापूर्वी मोठ्याने वाचावयाची एक तपासणी-यादी तयार केली. जगातील आठ शहरांतील आठ रुग्णालयांत तिचा प्रयोग झाला, त्यांत आपली नवी दिल्लीही होती. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या रुग्णालयांतील शस्त्रक्रियोत्तर मृत्यूंचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर आले. एका पानाच्या कागदाने हे साधले. परंतु यादी वाचणारी परिचारिका जर तोंड भिंतीकडे करून संगणकावर नोंद करीत असेल, किंवा भूलतज्ज्ञ यंत्रांच्या भिंतीआड दडला असेल, तर ती यादी कोण ऐकणार? कार्यपद्धती ही शेवटी कुठल्या तरी खोलीतच पार पडते.

येथे खोलीतील माणसांची ओळख करून देणे आवश्यक आहे. टेबलाभोवती शल्यचिकित्सक, त्याचे साहाय्यक आणि हत्यारे देणारी परिचारिका उभी असते. ही सर्व मंडळी हात धुऊन, निर्जंतुक झगे व मोजे घालून असतात. त्यांनी निर्जंतुक नसलेल्या कशालाही स्पर्श करावयाचा नाही. रुग्णाच्या डोक्याशी भूलतज्ज्ञ असतो. या दोन मंडलांच्या बाहेर फिरती परिचारिका असते. कपाटातून सामान काढणे, निर्जंतुक वेष्टन उघडून देणे, फोन घेणे, नोंदी ठेवणे, शस्त्रक्रियेच्या आधी व शेवटी कापसाचे बोळे, पट्ट्या, सुया आणि हत्यारे यांची मोजदाद करणे ही तिची कामे. तिने निर्जंतुक क्षेत्राला स्पर्श करता कामा नये, त्यापासून निदान एक फूट दूर राहावयास हवे. याशिवाय क्ष-किरण तंत्रज्ञ, रुग्णाला आणणारे-नेणारे कर्मचारी आणि दोन शस्त्रक्रियांच्या मधल्या वेळात खोली पुसून काढणारे सफाई कामगार येतात. म्हणजे एकाच खोलीत, भिंती नसलेल्या, केवळ नियमांनी आखलेल्या दोन-तीन खोल्या असतात. त्यांच्या सीमा डोळ्यांना दिसत नाहीत.

कागदावरची जागा

हे सारे आराखड्यावर का दिसू नये? एक साधे गणित करून पाहू. प्रत्येक बाजू ६ मीटर असलेली चौरस खोली घ्या. तिचे क्षेत्रफळ ३६ चौरस मीटर होते. अमेरिकेतील रुग्णालय-बांधणीच्या मार्गदर्शक नियमांत सर्वसाधारण शस्त्रक्रियागृहासाठी ४०० चौरस फूट, म्हणजे सुमारे ३७ चौरस मीटर मोकळी जागा सांगितलेली आहे. आपली खोली तिच्या जवळपास आहे. अर्धा मीटर रुंदीचे टेबल बरोबर मध्यभागी ठेवले तर त्याच्या कडेपासून भिंतीपर्यंत २.७५ मीटर अंतर उरते. ते पुष्कळ वाटते. आता शल्यचिकित्सक उभा राहिला, त्याला ६० सेंटिमीटर दिले. त्याच्या मागे हत्यारांचे टेबल, ७५ सेंटिमीटर. त्यापासून दूर राहण्याचे एक फूट, म्हणजे ३० सेंटिमीटर. फिरत्या परिचारिकेला चालावयास ६० सेंटिमीटर. भिंतीलगतच्या कपाटाला ५० सेंटिमीटर. बेरीज २.७५ मीटर. सर्व काही बसले आणि एक बोटभरही जागा उरली नाही.

आराखडा रेखाटणाऱ्याच्या दृष्टीने ही खोली जमली. परंतु कपाटाचे दार उघडावयाचे असते, ते पुढे येते. परिचारिकेच्या हातात ट्रे असतो. शल्यचिकित्सक मान मोकळी करण्यासाठी एक पाऊल मागे सरतो. मोडलेल्या हाडाची शस्त्रक्रिया असेल तर 'सी-आर्म' नावाचे, कमानीसारख्या आकाराचे क्ष-किरण यंत्र ढकलत आणावे लागते, आणि ते यंत्र एका बाजूने आत शिरले की त्या बाजूची वाट बंद होते. मग फिरती परिचारिका दुसऱ्या बाजूने, भूलतज्ज्ञाच्या पाठीमागून, जमिनीवरच्या नळ्या ओलांडत जाते. आराखड्यात माणूस उभा असतो, खोलीत तो चालतो, वळतो, वाकतो. हा फरक कागदावर कळत नाही याचे आणखी एक कारण आहे. आराखडा वाचणे हे एक शिक्षण आहे आणि ते वास्तुविशारदाला मिळालेले असते, परिचारिकेला नव्हे. तिच्यापुढे निळ्या रेषांचा कागद पसरून 'ठीक आहे ना?' असे विचारले तर ती 'ठीक आहे' म्हणते. पुढे खोली तयार झाली की तिला पहिल्याच दिवशी दहा अडचणी दिसतात, आणि तोवर भिंतीतून प्राणवायूच्या नळ्या गेलेल्या असतात.

आपल्याकडे घराचा पाया खणण्यापूर्वी जमिनीवर चुन्याच्या फक्कीने आखणी करतात. घरमालक तीत उभा राहतो, 'येथे देवघर, येथे चूल' असे म्हणत फिरतो आणि हमखास विचारतो, 'खोली इतकी लहान कशी?' मोकळ्या आभाळाखाली आखलेली खोली प्रत्यक्षापेक्षा लहान भासते, भिंती उभ्या राहिल्या की ती मोठी वाटू लागते. हा भास अनुभवी गवंड्याला ठाऊक असतो. पण त्याच फिरण्यातून 'हे दार इकडे नको, तिकडे घ्या' ही सूचनाही निघते, आणि ती खरी असते. शस्त्रक्रियागृहाच्या प्रतिकृतीमागची कल्पना मुळात याहून निराळी नाही. खऱ्या मापाच्या प्रतिकृती उद्योगक्षेत्राने पूर्वीच वापरल्या होत्या. १९५१ साली समुद्रावर उतरलेल्या 'इन्डिपेन्डन्स' व 'कॉन्स्टिट्यूशन' या अमेरिकी प्रवासी जहाजांच्या खोल्या हेन्री ड्रेफस या आरेखकाने आधी जमिनीवर जशाच्या तशा उभारल्या होत्या आणि माणसांना सामानसुमानासह त्यांत राहावयास लावले होते. रुग्णालयांच्या बाबतीत ब्रिटनमधील नफील्ड न्यासाने रिचर्ड ल्युएलिन-डेव्हिस यांच्या नेतृत्वाखाली केलेला अभ्यास १९५५ साली प्रसिद्ध झाला. परिचारिका दिवसभरात कोठून कोठे जातात याची मोजणी करून वॉर्डाची रचना ठरवावी, हे तत्त्व त्यात प्रस्थापित झाले. मोजणी आणि प्रतिकृती या दोन धाग्यांची शस्त्रक्रियागृहात गाठ पडण्याचे एक सुसंघटित उदाहरण चार्ल्सटनला आढळते.

चार्ल्सटनचा प्रयोग

अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यातील क्लेमसन विद्यापीठाचा वास्तुशास्त्र विभाग आणि त्याच राज्यातील चार्ल्सटन येथील, १८२४ साली स्थापन झालेले वैद्यकीय विद्यापीठ यांनी मिळून २०१५ साली हा प्रकल्प हाती घेतला. त्याला अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या आरोग्यसेवा संशोधन संस्थेचे अनुदान होते. रुग्णालयांच्या वास्तुरचनेचा अभ्यास करणाऱ्या अंजली जोसेफ आणि भूलतज्ज्ञ स्कॉट रीव्ह्‌ज हे त्याचे प्रमुख. वास्तुविशारद, शल्यचिकित्सक, परिचारिका, अभियंते आणि मानवी कार्यक्षमतेचे अभ्यासक असा मेळ त्यांनी जमवला. असा मेळ जमवणे हेच बहुधा अशा कामातले सर्वांत अवघड काम असते, कारण प्रत्येकाची भाषा निराळी असते.

त्यांनी प्रतिकृतीपासून आरंभ केला नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आधी चालू शस्त्रक्रियागृहांत कॅमेरे लावून खऱ्या शस्त्रक्रियांचे चित्रण करण्यात आले. मग ती चित्रे पुनःपुन्हा पाहून कोण, केव्हा, खोलीच्या कोणत्या भागातून कोणत्या भागात गेले याची नोंद झाली. त्याचबरोबर कामाच्या ओघात आलेल्या अडथळ्यांची नोंद झाली. कोणाचा पाय नळीला अडकला, कोणाला वाट मिळावी म्हणून कोणी बाजूला सरले, दार उघडल्यामुळे कोणाचे लक्ष गेले, यंत्राची वायर पुरली नाही म्हणून ते ओढून घ्यावे लागले. यांतील एकेक अडथळा क्षुल्लक असतो. कोणी दगावत नाही, कोणी तक्रारही करीत नाही. खोलीत रोज काम करणाऱ्यांना तर तो अडथळा म्हणून दिसेनासाच होतो, त्यांच्या अंगवळणी पडतो. परंतु मोजदाद चालू असताना परिचारिकेला वाट देण्यासाठी थांबावे लागले की आकडा पुन्हा पहिल्यापासून मोजावा लागतो. भूलतज्ज्ञाची नजर रुग्णावरून क्षणभर ढळते. लहान अडथळे आणि काम थांबवणारे मोठे अडथळे यांचा संबंध या अभ्यासकांनी मुद्दाम तपासला. किरकोळ अडथळे साचत गेले की मोठ्या अडथळ्याला जागा तयार होते, असे त्यांचे म्हणणे आहे. आणि किरकोळ अडथळ्यांचा मोठा वाटा खोलीच्या मांडणीशी निगडित होता.

या नोंदींतून नव्या खोलीच्या काही कल्पना पुढे आल्या आणि मग प्रतिकृतींचा क्रम सुरू झाला. पहिली प्रतिकृती म्हणजे जमिनीवर चिकटवलेल्या रंगीत पट्ट्या. भिंती, दारे, टेबल, कपाटे सर्व केवळ रेषांनी दाखवलेली. आपल्या फक्कीच्या आखणीचीच ही विलायती आवृत्ती. तिच्यात डॉक्टर व परिचारिका यांना चालावयास लावले आणि एकापेक्षा अधिक मांडण्यांची तुलना केली. दुसऱ्या टप्प्यात पुठ्ठ्याच्या भिंती आणि पुठ्ठ्याचीच यंत्रे उभी राहिली. तिसऱ्या टप्प्यात चार्ल्सटन येथे खरे टेबल, खरे दिवे, छतावरचे बाहू व पडदे असलेली पूर्ण खोली उभारण्यात आली. प्रत्येक टप्प्यावर शस्त्रक्रियेचे प्रसंग लिहून दिलेले असत आणि चमू ते प्रसंग पार पाडत असे. त्याचे चित्रण होई, नंतर चर्चा होई आणि मांडणी बदले.

पुठ्ठा व पट्ट्या पाहून पुष्कळांना हा पोरखेळ वाटण्याचा संभव आहे. वास्तविक या स्वस्त टप्प्यांतच खरा लाभ असतो. चिकटपट्टी उचलून दुसरीकडे लावावयास अर्धे मिनिट लागते, त्यामुळे 'दार तिकडे नेले तर?' असे विचारावयास कोणी संकोच करीत नाही. पूर्ण सजवलेली खोली पाहून माणूस दबकतो. इतका खर्च झालेला, आता काय बोलावे, असे त्याला वाटते. शिवाय तयार खोलीत त्याचे लक्ष भिंतीचा रंग आणि दिव्याची मूठ यांकडे जाते, खोलीच्या हाडांकडे जात नाही. म्हणून हाडांचे प्रश्न पट्ट्यांवर, मापाचे व उंचीचे प्रश्न पुठ्ठ्यावर आणि हाताळणीचे प्रश्न खऱ्या साहित्यावर, हा क्रम उलटवून चालत नाही.

चार्ल्सटनच्या प्रयोगातील सर्वांत लक्षात राहण्याजोगी कल्पना टेबलाच्या दिशेविषयी आहे. शस्त्रक्रियेचे टेबल भिंतीला समांतर असावे असे कोणत्याही नियमात सांगितलेले नाही. ते तसे असते, कारण आराखडा रेखाटणाऱ्याची पट्टी तशी ठेवलेली असते. तेच टेबल तिरके केले तर रुग्णाचे डोके एका कोपऱ्याकडे येते. कोपऱ्यातील त्रिकोणी जागा भूलतज्ज्ञाला मिळते. तेथून कोणाला पलीकडे जावयाचे नसल्यामुळे त्याच्या पाठीमागची वर्दळ कमी होते आणि दारे दुसऱ्या टोकाला ठेवता येतात. उरलेल्या बाजूंना फिरत्या परिचारिकेची वाट सलग राहते. परिचारिकेचे नोंदींचे टेबल भिंतीला खिळलेले नसून फिरते असेल तर ती रुग्णाकडे तोंड करून काम करू शकते. भिंतीवरचे मोठे पडदे अशा ठिकाणी हवेत की टेबलाच्या दोन्ही बाजूंच्या माणसांना मान न मुरडता दिसतील. खोलीचा आकार व टेबलाची दिशा यांच्या निरनिराळ्या जोड्या संगणकावरही तपासून पाहण्यात आल्या. चित्रणातून मिळालेल्या खऱ्या फेऱ्या संगणकाला देऊन, त्या नव्या मांडणीत किती लांबीच्या होतील व किती वेळा परस्परांना छेदतील, हे काढता येते. निव्वळ मोठी खोली ही चांगली खोली नसते, हेही येथे सांगितले पाहिजे. जागा वाढली की पावले वाढतात, आणि रिकाम्या कोपऱ्यात कोठले तरी जुने यंत्र येऊन बसते.

चार्ल्सटनच्या परिसरात वैद्यकीय विद्यापीठाने पुढे जी नवी शस्त्रक्रिया केंद्रे बांधली, त्यांच्या रचनेत या कामाचा उपयोग झाला.

तालीम कशी घ्यावी

लुटुपुटूच्या शस्त्रक्रियेचे मोल तिच्या प्रसंगांवर अवलंबून असते. सारे सुरळीत पार पडणारा प्रसंग काही शिकवीत नाही. लहान मुलाच्या मोडलेल्या हाताची शस्त्रक्रिया चालू आहे, क्ष-किरण यंत्र आत आहे, आणि अशा वेळी मुलाच्या हृदयाचे ठोके थांबतात. विजेचा झटका देणारे यंत्र कोठून येईल? छातीवर दाब देणारा माणूस कोठे उभा राहील? क्ष-किरण यंत्र कोणी व कोणीकडे ढकलावयाचे? असे प्रसंग खोलीला बोलते करतात. त्यांच्या जोडीला अगदी नीरस प्रसंगही हवेत. स्ट्रेचर दारातून आत घेऊन वळवणे, कचऱ्याची पिशवी बांधून बाहेर नेणे, दोन शस्त्रक्रियांच्या मध्ये फरशी पुसणे. सफाई कामगाराला अशा तालमीस बोलावण्याची आठवण फार थोड्यांना होते. छतावरून आलेल्या बाहूच्या वरच्या पृष्ठभागावर साचलेली धूळ पुसावयास हात पोचत नाही, ही गोष्ट त्याच्याखेरीज कोण सांगणार?

दोन मांडण्यांची तुलना करावयाची असेल तर तोच प्रसंग त्याच चमूकडून दोन्हींत करवून घ्यावा लागतो. परंतु दुसऱ्या वेळी चमू सरावलेला असतो, म्हणून निम्म्या चमूंना आधी पहिली व निम्म्यांना आधी दुसरी मांडणी द्यावी. मोजावयाच्या गोष्टी साध्या आहेत. किती पावले पडली, किती धक्के लागले, किती वेळा कोणाला थांबावे लागले, कोणाला रुग्ण दिसत नव्हता. यांची नोंद झाल्यावरच मत विचारावे.

मत विचारण्याचीही एक रीत आहे. शस्त्रक्रियागृहातील मानमर्यादा जगभर सारखीच कडक असते. प्रमुख शल्यचिकित्सकाने 'मला ठीक वाटते' असे म्हटल्यावर त्याच्यासमोर परिचारिका 'मला अडचण झाली' असे म्हणत नाही. म्हणून प्रथम तिला विचारावे आणि शक्य तर स्वतंत्रपणे विचारावे. शल्यचिकित्सक खोलीत सर्वांत कमी हिंडतो. त्याचे जग टेबलावरच्या हातभर उजेडाचे असते आणि तेथे सारे त्याला आणून दिले जाते. खोलीची खरी माहिती पायांना असते, आणि पाय फिरत्या परिचारिकेचे आणि मदतनिसांचे असतात. ज्या रुग्णालयांत प्रतिकृतीला केवळ विभागप्रमुखांची भेट घडवून आणतात व छायाचित्र काढतात, तेथे पुठ्ठा वाया गेला असेच म्हणावे लागेल.

अलीकडे डोळ्यांवर चढवावयाच्या यंत्रातून न बांधलेली खोली दाखवता येते. ही सोय कमी खर्चाची आहे, आणि पडदा कोठून दिसतो, दिव्याची सावली कोठे पडते यांसारख्या दृष्टीच्या प्रश्नांना ती पुरेशी आहे. मात्र त्या खोलीत कोपर भिंतीला लागत नाही, यंत्राला वजन नसते आणि शेजारच्या माणसाचा खांदा आडवा येत नाही. डोळ्याने पटलेली जागा अंगाला पटेलच असे नाही.

प्रतिकृतीला जे कळत नाही

या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. पुठ्ठ्याच्या खोलीत हवा खेळत नाही. खऱ्या शस्त्रक्रियागृहात गाळलेली हवा छतातून टेबलावर संथपणे उतरवली जाते, ताशी निदान वीस वेळा खोलीतील हवा बदलावी असा सर्वमान्य दंडक आहे, आणि बाहेरची हवा आत येऊ नये म्हणून आतला दाब किंचित अधिक ठेवलेला असतो. दार उघडले की हा तोल बिघडतो. जॉन चार्न्ली यांनी १९६० च्या दशकात इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात सांध्यांच्या शस्त्रक्रियेसाठी टेबलाभोवतीच शुद्ध हवेची वेगळी बंदिस्त जागा उभी केली होती, इतके हवेचे महत्त्व त्यांना वाटले. दार किती वेळा उघडले हे प्रतिकृती मोजू शकते, पण त्यामुळे हवेचे काय झाले हे तिला सांगता येत नाही. त्यासाठी धूर सोडून आणि कण मोजून बांधलेल्या खोलीतच परीक्षा करावी लागते.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. फेऱ्या कमी झाल्या, धक्के कमी झाले, म्हणून रुग्ण अधिक बरे झाले असे लगेच सिद्ध होत नाही. जखमेतील जंतुसंसर्ग किंवा पोटात विसरलेली पट्टी अशा घटना सुदैवाने विरळ आहेत, आणि विरळ घटनांत पडलेला फरक दाखवावयास हजारो शस्त्रक्रियांचा हिशेब लागतो. तो काही दिवसांच्या तालमीतून मिळणार नाही. शिवाय तालमीत भाग घेणाऱ्याला ठाऊक असते की टेबलावर बाहुला आहे. तो थकलेला नसतो, त्याची ही दिवसातली पाचवी शस्त्रक्रिया नसते, बाहेर नातेवाईक ताटकळत नसतात. म्हणून प्रतिकृतीत जी अडचण दिसली ती खरी धरावी. जी दिसली नाही ती नाहीच असे मात्र धरू नये.

यासाठी खोली वापरात आल्यावर काही महिन्यांनी पुन्हा कॅमेरे लावून तीच मोजणी करणे हा या कामाचाच भाग समजला पाहिजे, आणि रुग्णालये नेमकी येथेच हात आखडता घेतात. इमारत पूर्ण झाली की निधी संपतो आणि उत्साहही संपतो. निदान नव्या खोलीत पहिला रुग्ण आणण्यापूर्वी सर्व पाळ्यांतील कर्मचाऱ्यांची एक तालीम प्रत्यक्ष खोलीतच घेण्याची पद्धत आता अनेक ठिकाणी पडली आहे. तोवर भिंती हलवता येत नसतात. परंतु मदतीची घंटा शेजारच्या खोलीत ऐकू येत नाही, प्राणवायूच्या नळीचे तोंड भिंतीवरच्या जोडणीत बसत नाही, किंवा रक्तपेढीचा फोन कोणत्या क्रमांकावर लागतो हे रात्रपाळीच्या परिचारिकेला ठाऊक नाही, या गोष्टी त्या एका दुपारी उघड होतात आणि संध्याकाळपर्यंत दुरुस्त करता येतात.